घोडा उठला का?

चाबूककाकांच्या घोडीची झापडं काढून, डोक्यावर वडिलांची सोला टोपी चढवून, मी जांभळाच्या फांदीवरून तिच्या पाठीवर उडी मारली. का मारली, असं पुढे पुष्कळांनी विचारलं. सिनेमातला टोपीवाला मारतो म्हणून मारली. याहून बरं उत्तर मला आजवर सुचलेलं नाही.

चाबूककाका आसनगाव स्टेशन ते शहापूर टांगा हाकायचे. हातात कायम चाबूक, पण तो चंपीच्या, म्हणजे त्यांच्या घोडीच्या, अंगाला लागलेला कोणी पाहिला नाही. हवेत एकदा फिरवायचा आणि म्हणायचं, "चल गो बाय, पाव्हन्यांना घरची आठवन आली." चंपी निघायची. पाव्हणे घाईत असले तर चंपीची काही चूक नाही, असं काकांचं मत होतं.

तो चाबूक खरा चालला तो तंबूत. भात झोडून झालं की आधी शहापूरला आणि मग मुरबाडला फिरत्या सिनेमाचा तंबू लागायचा. देवादिकांचे खेळ संपले की मालक एखादं जुनं इंग्रजी चित्र लावी. धूळ, पिस्तुलं, आणि रुंद टोप्या घातलेले घोडेस्वार. बायाबापड्या देवांच्या खेळाला जात, काका या खेळाला. नायक कोण, हे ते तोंडावरून ठरवत नसत. गावात आल्यावर जो आधी घोड्याला पाणी दाखवतो तो नायक. तडक गुत्त्यात शिरतो तो चोर. या न्यायानं त्यांनी भलेभले नायक पहिल्या रिळातच बाद केले होते. एकदा एका टोपीवाल्यानं टाच जरा जोरात मारली, तर काकांनी उठून पडद्यावर चाबूक ओढला. "तुझ्या बापानं घेतलाय काय रे घोडा?" तेव्हापासून देवळाबाहेर वहाणा काढाव्यात तसा त्यांचा चाबूक तंबूच्या दाराशी काढून घेत.

पडद्यावरचे उघडेबोडके सुळके त्यांना ओळखीचे वाटत. "हा आपला सिद्धगडामागचा मुलूख. माझा सासरा तिकडचाच." मी म्हटलं, काका, ही अमेरिका आहे. "असंल. पन डोंगर आपलाच हाय."

मला ते मुद्दाम शेजारी बसवत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलो होतो. मॅट्रिकच्या अलीकडेपर्यंत म्हटलं तर जास्त खरं होईल. गोष्ट मराठीत सांगायचं काम माझं. ते टोपीवाले गालात सुपारी धरल्यासारखे बोलत आणि मला त्यातलं अक्षर कळत नसे. मी ठोकून द्यायचो. दोन भाऊ, एक बंधारा, बंधाऱ्यावरून भांडण. काकांना गोष्टीशी फारसं देणंघेणं नव्हतं. पाठलागात घोडा कोसळला की मात्र ते माझं मनगट धरायचे. "उठला का रे?" चित्र तोवर पुढं गेलेलं असायचं, पडलेल्या घोड्यासाठी कोण थांबतो? मी म्हणायचो, "उठला, काका. आत्ताच ती बाई म्हणाली ना, घोडा बरा आहे म्हणून." मग मनगट सुटायचं.

त्या दिवशी दुपारी त्यांना कणकण होती. "बाळू, चंपीला नदीवर नेऊन पानी पाजून आन," एवढंच त्यांनी सांगितलं. नदीवर धुणं धुणाऱ्या बायका होत्या. तेवढे प्रेक्षक मला पुरेसे होते. टोपीवाल्याच्या घोड्याला झापडं नसतात म्हणून मी चंपीची काढली, फांदीला अडकवली आणि वर चढलो. टांग्याच्या घोडीला सगळा जन्म समोरचा रस्ताच काय तो दिसलेला. त्या दिवशी तिला पहिल्यांदा मागचं दिसलं, आणि मागून टोपी घातलेला मी येत होतो.

चंपी उधळली. मी जिथं तिची पाठ असायला हवी होती तिथं, जमिनीवर, बसता झालो. टोपी मात्र जागची हलली नाही. नायकाची हलत नाही तशी. बायका हसत होत्या, त्या एकदम धुणं टाकून धावल्या. चंपीचा पाय खाचराच्या बांधातल्या दगडांत अडकला होता आणि ती आडवी झाली होती.

कोणीतरी सांगितलं म्हणून काका अनवाणी धावत आले. बांधापलीकडचं त्यांना दिसत नव्हतं. लांबूनच ओरडले, "उठली का रे?"

आणि मी म्हणालो, "उठली, काका."

सवयीनं तोंडातून गेलं. काका क्षणभर थांबले, श्वास घेतला, आणि मग बांधावर चढले.

त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून तिचा पाय बांधला. मला काही विचारलं नाही. जाताना फांदीवरची झापडं काढून कमरेला खोचली, तेव्हा कळलं की विचारण्यासारखं काही उरलेलं नाही. गावात सांगितलं, "बांधावर पाय घसरला तिचा." माझं नाव त्यांनी कुठंच घेतलं नाही. घेतलं असतं तर चार शिव्या खाऊन मी मोकळा झालो असतो.

पाय वाकडाच सांधला. चंपी चालायची, पण टांग्याला जुंपण्याजोगी राहिली नाही. पांजरपोळात घाल, असं सांगणारे खूप होते. काकांनी टांगा विकला, घोडी ठेवली, आणि स्टेशनावर दुसऱ्यांचे घोडे धुवायला लागले. मी तिच्यासाठी गवताचे भारे नेऊन टाकायचो. काका भारा घ्यायचे, हुंगायचे, म्हणायचे, "बरा हाय." ते गवताबद्दल असायचं.

तंबूत मात्र ते पुन्हा आले नाहीत. "तितं घोडी पडतात रे," म्हणाले. मी एकटा गेलो एकदा. पाठलागात घोडा कोसळला, मनगट कोणी धरलं नाही. मध्यंतरात उठून घरी आलो.

पुढे मला कल्याणला नोकरी लागली. काकांनी अंथरूण धरलंय असं कळलं तेव्हा शहापूरला गेलो. चंपी आदल्या उन्हाळ्यात म्हातारी होऊन दारातच गेली होती. खाटेच्या वर भिंतीला चाबूक होता, शेजारी झापडं.

"बाळू," ते म्हणाले, "तंबूतल्या खेळातला तो पांढरा घोडा, नदीत पडलेला. खरंच उठला व्हता का रे?"

"माहीत नाही, काका. मला त्यांचं इंग्रजी कळतच नव्हतं."

"ता मला पयल्याच खेळाला कळलं व्हतं."

"मग शेजारी का बसवायचात?"

"तुझ्या गोष्टीत घोडा उठायचा, म्हनून."

काकूंनी चहा आणून ठेवला. मी कपाकडे बघत म्हणालो, "काका, त्या दिवशी चंपीला मी..."

"ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. "विंग्रजी येत नाय म्हनून कोनाचा पाय मोडत नाय रे. तुला घोडाबी येत नाय, ता आदी सांगायचं व्हतंस."