सुटलेला कॅच कुणाच्या नावावर?

बेसबॉल मला आवडत नाही. अख्खा सीझन रोज दुपारी अडीचपासून तोच बघत बसले, तरी नाही. भिवंडीत धामणकर नाक्याजवळ तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. पार पूर्वेकडच्या एका देशातल्या लीगच्या मॅचेस स्क्रीनवर यायच्या आणि प्रत्येक बॉलला काय झालं ते आम्ही बटणं दाबून नोंदवायचो. बॉल टाकणारा आधी टोपी नीट करणार, मग थुंकणार, मग पुन्हा टोपी. अरे टाक ना बाबा एकदाचा! माझा पाय टेबलाखाली सारखा हलायचा.

"ताय, टेबल हालतंय," शेजारच्या खुर्चीवरची म्हणायची.

ती डोंगराकडच्या पाड्यावरची. आईबाप मजुरीला जायचे, ही घरातली पहिली बारावी पास. नवरा वारलेला, मुलगी आश्रमशाळेत, आणि ही कामतघरला मावशीकडे. सीझन संपला की आम्हा दोघींपैकी एकीलाच कायम करणार होते. कायम झाली तर ती खोली घेऊन मुलीला इथे आणणार होती. मला नोकरी कशाला हवी होती? घरात बसवत नव्हतं म्हणून. एवढंच.

भिवंडीत लूमवरचा कारागीर चहाला गेला की शेजारचा त्याचे लूम बघतो. कापडात खोट निघाली तर बोलणी मात्र ज्याचे लूम त्यालाच. आमच्या ऑफिसात हे चालत नव्हतं, प्रत्येकीचं लॉगिन वेगळं होतं. पण सवयी काय जिन्याखाली ठेवून वर येतात? एक उठली की दुसरी तिच्या खुर्चीत.

शेवटच्या आठवड्यात आश्रमशाळेतून फोन आला, मुलीला ताप आहे. "ताय, जरा बघशील?" म्हणत ती खाली पळाली. मी तिच्या जागी बसले. बॉल उंच उडाला, फील्डर बरोबर खाली उभा, आणि ग्लोव्हमध्ये आलेला बॉल त्याने सोडला. "गेला!" मी ओरडले आणि बॅटरच्या नावावर हिट दाबली. आपलं क्रिकेटचं डोकं. कॅच सुटला की बॅटवाल्याचं नशीब, धावा त्याच्याच. बेसबॉलमध्ये तसं नसतं. तिथे एवढा सोपा कॅच सोडला तर चूक फील्डरच्या नावावर लागते, बॅटरला काही मिळत नाही. पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

चार बॉलनंतर ट्यूब पेटली. पण दुरुस्तीला आमच्या सुपरवायझर सरांना बोलवावं लागलं असतं. मी गप्प बसले. ती वर आली, ताप उतरतोय म्हणाली, आणि मी उठून माझ्या खुर्चीत गेले.

पुढच्या आठवड्यात चुकांची यादी लागली. त्यात फक्त मॅच आणि लॉगिन, कुठला बॉल ते नाही. माझ्या नावावर काही नाही, तिच्या नावावर ती एक. त्या एकीने तिचा सीझन पाण्यात गेला, जागा माझी ठरली.

"माजीच चुकी," ती म्हणाली. "तुज्या हातून असं न्हाय होनार."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दोन दिवस मला धड जेवण गेलं नाही, नवऱ्यावर विनाकारण खेकसले. तिसऱ्या दिवशी सरांकडे गेले आणि आडून विचारलं, दुसरीच्या लॉगिनवर कुणी बसलं तर?

"दोघीही घरी," सर मान वर न करता म्हणाले.

म्हणजे खरं बोलले तर तीही जाणार. मी म्हटलं, सासूबाईंची तब्येत बरी नसते, मला पुढे जमणार नाही. सासूबाई ठणठणीत होत्या, अजून आहेत. जागा तिला मिळाली. मुलीला घेऊन ती पाया पडायला घरी आली, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. शहाणीच की नाही!

यंदाचा सीझन सुरू झाला आणि तिचे फोन यायला लागले. प्रत्येक बॉल चार-चारदा मागे नेऊन बघते. काम मागे पडतंय. एका दुपारी म्हणाली, "सर बोल्ले, अशीच स्लो राहिलीस तर दुसरी बघतो. ताय, माज्या डोल्यांना कायतरी झालंय. डॉक्टरकडं जाऊन आले. तो बोल्ला, काय न्हाय. मंग ती चुकी झाली कशी?"

"ती तुझी नव्हतीच गं," मी म्हटलं. "तू खाली गेली होतीस तेव्हा माझ्या हातून झाली."

पलीकडे नाक्यावरचे हॉर्न ऐकू येत होते.

"तुला कदी कललं?"

"तेव्हाच."

"मंग वरीसभर मी माज्या डोल्यांना शिव्या दिल्या, त्याचं काय?"

मी माफी मागितली. दोनदा मागितली.

"ठेव आता," म्हणाली. "मॅच लागली."