कॉलिनचा डावा घोटा

आमच्या डॉक्टरांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हाडांचा सर्जन व्हायचं होतं. त्यासाठीच १९७० साली आम्ही पुणं सोडून इंग्लंडला आलो. आठ वर्षं त्यांनी निरनिराळ्या हॉस्पिटलांत दुसऱ्यांच्या ऑपरेशनला पेशंटचे पाय धरून उभं राहण्यात घालवली. वरची जागा निघाली की इंटरव्ह्यू व्हायचा, सगळे गोड बोलायचे आणि जागा मिळायची ती त्यांनीच शिकवलेल्या एखाद्या गोऱ्या पोराला. शेवटी नाक मुठीत धरून ते जीपी, म्हणजे साधे फॅमिली डॉक्टर झाले, तेही मार्शफर्डला, कारण तिथे जायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

मार्शफर्ड लंडनच्या पश्चिमेला, मेडनहेडपासून गाडीने तासाभरावर. बंद पडलेली बिस्किटांची फॅक्टरी, एक कालवा आणि चौथ्या डिव्हिजनच्या तळाशी लोळणारा फुटबॉल क्लब, एवढंच ते गाव. दवाखाना यांचा, डॉक्टर शशिधर आगट्यांचा, पण फोन, फायली, औषधांची ऑर्डर, झाडलोट सगळं माझ्या गळ्यात.

१९८३ साली क्लबला शनिवारच्या मॅचपुरता डॉक्टर हवा होता. यांनी विचारताक्षणी होकार दिला. मी भडकले.

"अहो, एक शनिवार तरी घरी थांबा! फुटबॉलमधलं तुम्हाला काय कळतं?"

"फुटबॉलशी काय करायचंय, सुहास? गुडघे आहेत ना तिथे," ते म्हणाले.



आणि तो क्लब वर चढायला लागला. पुढच्या वर्षी तिसऱ्या डिव्हिजनमध्ये गेला, ८६ मध्ये दुसऱ्या. यांना क्लबचा निळा ब्लेझर मिळाला. लंडनमध्ये ईलिंगला मराठी मंडळींचा गणपती असायचा, तिथे बाकीचे सिल्कचे झब्बे घालून आले, तर आमचे डॉक्टर ब्लेझर घालून. पिनरला राहणारी माझी मैत्रीण अलका माझ्या कानाशी लागली, "अगं, हे आरतीला आलेत की मॅचला?" मीही हसले. पण खरं सांगते, इतकी वर्षं मान खाली घालून वावरणारा माणूस त्या ब्लेझरमध्ये ताठ चालायचा, आणि ते मला आवडायचं.

कॉलिन पेक हा त्या टीममधला एकटाच आमच्या गावचा. लेफ्ट-बॅक, म्हणजे डावीकडून बचाव करायचा, आणि आमचाच पेशंट. ८७ च्या हिवाळ्यात त्याचा डावा घोटा दुखावला. दोन महिने विश्रांती हवी, असं यांनी मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर म्हणाला, विश्रांती मे महिन्यात सीझन संपल्यावर, तोवर दुखणं दाबायची इंजेक्शनं द्या. आणि हे त्याच्या कार्डावर लिहू नका डॉक, उद्या त्याला विकायची वेळ आली तर घेणारा क्लब कागद मागतो.

यांनी लिहिलं नाही.

दर शनिवारी सकाळी, दवाखाना बंद असताना, कॉलिन मागच्या दाराने यायचा. नर्सला सुट्टी, म्हणून पाय धरायला मी. त्याच्या घोट्याच्या वर करंगळीच्या नखाएवढा तीळ होता. तो छताकडे बघत माझ्याशी त्याच्या आईच्या कुत्र्याबद्दल बोलत राहायचा. सुई पहिल्या झटक्यात नेमकी सांध्यात शिरायची. त्या वेळी डॉक्टरांचा चेहरा इतका खुलायचा की आमच्या लग्नातही मी तो तसा पाहिला नव्हता.

एकदा न राहवून मी मराठीत विचारलं, "अहो, हे कुठेतरी लिहून ठेवायला नको का?"

"तू पाय धर, सुहास."

मी पाय धरला. पुढच्या सोमवारी इंजेक्शनांची नवीन ऑर्डरही मीच दिली.

मे ८८ मध्ये शेवटची मॅच होती. जिंकली तर मार्शफर्ड फर्स्ट डिव्हिजनमध्ये, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या वीस-एकवीस क्लबांत जाणार होता. कॉलिनला सकाळी एक सुई दिली, हाफटाइमला दुसरी. मार्शफर्ड एका गोलने जिंकलं. गाव रस्त्यावर नाचलं. टीमच्या फोटोत आमचे डॉक्टर अगदी कडेला उभे आहेत. तो फोटो त्यांनी वेटिंग रूममध्ये लावला.

जुलैमध्ये क्लबचं पत्र आलं. यापुढे लंडनचे एक स्पेशालिस्ट काम पाहतील, आजवरच्या सेवेबद्दल आभार, सोबत वर्षभराच्या मॅचची दोन सीझन तिकिटं. डॉक्टर एकाही मॅचला गेले नाहीत. ब्लेझर मी कपाटात टांगला.

कॉलिन फर्स्ट डिव्हिजनमध्ये अकरा मॅच खेळला आणि संपला. ९४ साली तो तिशीत होता आणि काठी घेऊन चालायचा. हॉस्पिटलमधल्या तज्ज्ञाने त्याला सांगितलं, इंजेक्शनांनी दुखणं झाकलं आणि तू मोडत्या सांध्यावर पळत राहिलास. त्याने क्लबवर दावा लावला. क्लब म्हणाला, इंजेक्शनं दिलीच नाहीत. मग त्याच्या वकिलाचं पत्र आमच्याकडे आलं.

डॉक्टरांनी उत्तर सांगितलं, मी टाइप केलं: पेशंटच्या नोंदींत अशा कोणत्याही इंजेक्शनचा उल्लेख नाही. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. सही करताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात कॉलिन माझ्या काउंटरशी आला.

"मिसेस आगटे, डॉक्टरांचं राहू द्या. खरं बोलले तर त्यांचं लायसन्स जाईल, ते मला कळतं," तो हळू आवाजात म्हणाला. "पण तुम्ही होतात ना तिथे? माझा पाय तुम्ही धरायचात. तुम्ही एवढं सांगितलंत तरी पुरे, असं वकील म्हणतो."

माझ्या मागे तपासणीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आतल्या खुर्चीची करकर थांबली. नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडायचं नसतं, हे आईने लहानपणापासून शिकवलं होतं. पण आईला कशाला मध्ये आणू? मी घाबरले. घर, दवाखाना, उरलेली अब्रू, सगळ्यासाठी घाबरले.

"मला काही आठवत नाही, कॉलिन," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. त्याला कळलं. तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं. पण त्याने फक्त "बरं" म्हटलं आणि नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्यांची चिठ्ठी मागितली. मी ती आधीच तयार ठेवली होती. दाराच्या तीन पायऱ्या उतरायला त्याला बराच वेळ लागला.

मग डॉक्टर बाहेर आले. पुढच्या पेशंटचं कार्ड त्यांनी काउंटरवरून उचललं आणि क्षणभर थांबले.

"थँक यू, सुहास," ते म्हणाले.

चोवीस वर्षांच्या संसारात हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला, आणि मला माझीच किळस आली.