हरभऱ्यातले हंस

आमच्या गावचा तलाव सरकारनं पाखरांसाठी राखीव केला, तेव्हापासून तिथं माणसंच फार दिसतात. फेब्रुवारीत अकोल्या-अमरावतीहून पक्षीमित्र येतात. पाखरं बुजू नयेत म्हणून पालापाचोळ्याच्या रंगाचे कपडे घालतात आणि गाडी लालभडक आणतात.

यंदा मलाही जावं लागलं, ते माझ्या मोपेडमुळं. मी ती उकिरड्यात घातली, असं मुलाचं म्हणणं. उकिरडा रस्त्यावर किती सरकला होता, ते कोणी पाहिलं नाही. मुलानं बजावलं, मोतीबिंदू काढा नाहीतर किल्ली द्या. नात अमरावतीला कॉलेजात, तिला पाखरांचा नाद. ती मधे पडली. म्हणाली, आबाले तलावावर नेतो, पाखरं दिसली तर किल्ली आबाची. मी चौथी सोडली ती बैलांपायी, परीक्षेच्या भीतीनं नाही. तयार झालो.

सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसलो. सगळे कुजबुजत होते, जसं कोणाच्या मयतीला आलेत. नातीनं दुर्बीण पुढं केली.

"डोळे हायेत मले," म्हटलं, "उसने कायले घेऊ?"

ऊन चांगलं वर आलं होतं, तरी पाण्यावर धुकं होतं. बाकी कोणाला ते दिसत नव्हतं, एवढंच. तिनं विचारलं, पाण्यात काय आहे? म्हटलं, बदकं. तलावात दुसरं काय असणार. बरोबर निघालं. मग खुंटावर काय बसलंय? खुंटच मला दिसत नव्हता, पण खुंटावर पाणकावळाच बसतो. तेही बरोबर. मी खिशातली किल्ली चाचपली.

मग आले डोक्यावर पट्टे असलेले हंस. सगळे त्यांच्यासाठीच आले होते, कारण थोड्या दिवसांत ते हिमालयापलीकडं परत जाणार. पाहुण्यांना त्यांचं मोठं कौतुक. माझी त्यांची ओळख निराळी. पाणी हटलं की काठच्या ओलीवर आम्ही हरभरा पेरतो, आणि हे पाहुणे एवढा हिमालय ओलांडून तो खायला येतात.

वरून त्यांचा कलकलाट आला, खाली खाली उतरला. माझ्या हरभऱ्यात काहीतरी वाकून सरकताना दिसलं. जन्मभर राखण केलेला गळा, तो कोणाला विचारतो? उठलो, हात उगारले आणि हाऽऽ हुर्रर्र अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या काठाची म्हैस उभी राहिली.

फडफड झाली.

नात हळूच म्हणाली, "आबा, हंस तिकडं पान्यात उतरले होते. तुमी त्या साहेबाले हाकलून राहिले."

साहेब कॅमेरा घेऊन हरभऱ्यात गुडघ्यावर बसलेले. त्यांचे पालापाचोळ्याच्या रंगाचे कपडे अखेर कोणावर तरी चालले. ते माझ्या हरभऱ्यात काय करत होते, हे मात्र कोणी विचारलं नाही. हंस तर उडून गेलेच होते.

परतताना ती काही बोलली नाही. बोलली असती तर मी भांडलो असतो. घर दिसायला लागलं तशी मीच किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"ऑपरेशन हरभरा निघाल्यावर," म्हटलं. "तोवर ऐकून राखतो. कान शाबूत हायेत."

"राखा," ती म्हणाली, "पण तोंड कोनीकडं करता, ते कोनाले तरी इचारत जा."