दवणेकाकू

दवणेकाकू घरात शिरण्याआधी त्यांच्या हातांचा वास शिरायचा, कडसर-गोड. त्यांचं आडनाव वेगळंच होतं. पण पिपलानीच्या कारखाना-वसाहतीत, आमच्या क्वार्टरांच्या रांगेत त्या दवणेकाकूच.

थंडीच्या तोंडाला दवण्याचं धुळीसारखं बारीक बी राखेत मिसळून त्या अंगणातल्या वाफ्यात पेरत. चैत्रापर्यंत करड्या पानांची झुडपं तयार होत. मग जुडी देवाला, काडी आमच्या वेण्यांत, आणि सुकवलेला दवणा कपड्यांच्या ट्रंकेत. शेजारच्या मिश्राचाची विचारत, "भाभी, इतना दौना किसलिए?" काकू म्हणत, "कपड़ों में कीड़ा नहीं लगता."

ट्रंकेतले कपडे वर्षाताईचे होते. वर्षाताई त्यांची एकुलती एक मुलगी. मी शाळेत असताना ती घर सोडून गेली. लग्न केलंय, एवढाच फोन आला. "आमची मुलगी मेली," म्हणून काकांनी तो ठेवून दिला. काकू मात्र दर चैत्रात तिचे ड्रेस उन्हात घालत आणि घडीघडीत नवा दवणा ठेवत. मी एकदा विचारलं, "येईल का हो ती?"

"येईल तेव्हा कपड्यांना कुबट वास यायला नको," एवढंच म्हणाल्या.

काका निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोटऱ्यात, भाड्याचं घर मिळालं. पण काकू संध्याकाळी सिटी बसनं पिपलानीला येत, आमच्या पायरीवर बसून आपल्या जुन्या दाराकडे बघत राहत. आई समजावी, "ती आलीच तर आम्ही पत्ता देऊ ना."

"तुमचं लक्ष नसलं तर?"

गुडघे गेले तरी त्या येत राहिल्या. त्यांना बसमध्ये बसवून परत फिरताना मला त्या दाराकडे बघवत नसे. कुणीतरी तिथे उभं आहे, असं वाटत राही.

गेल्या थंडीत काकू गेल्या. दिवस झाल्यावर मी कोटऱ्याला काकांना भेटायला गेले. ते म्हणाले, "वर्षा आली होती. आम्ही पिपलानीत होतो तेव्हाच. ही देवळात गेली होती. मी तिला दारातूनच परत पाठवलं. हिला कधी सांगितलं नाही."

मग त्यांनी माझ्या मोबाइलकडे बोट दाखवलं.

"यात सापडेल का गं ती?"

"तिचं सासरचं आडनाव काय, काका?"

"सांगत होती त्या दिवशी. मी बोलूच दिलं नाही."