पेपरवाल्या आजोबांची कॉफी

समोरच्या माणसाच्या डोक्यावर, टाळूच्या वीतभर वर, रोखून बघायची आमच्या घरमालकीणबाईंना सवय होती. मी घर बघायला गेले तेव्हा माझ्याही डोक्यावर त्यांनी तसंच बघितलं. मला वाटलं केसांत काही अडकलंय, म्हणून मी हात फिरवला. त्या म्हणाल्या, "काही नाही ओ. दोनच राहिलीत तुमची. आत या, कॉफी घ्या."

दोन म्हणजे दोन हृदयं, हे मला पुढे कळलं. त्या कॉम्प्युटरवर हॉटेल चालवायच्या. गिऱ्हाईक येऊन टेबलाशी बसतं, त्याच्या डोक्यावर लाल हृदयांची रांग असते, उशीर झाला की एकेक हृदय विझतं आणि सगळी विझली की गिऱ्हाईक उठून चालतं होतं, असा तो खेळ. मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला गेला आणि त्याचा जुना कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत राहिला. घरात कधी अंडंसुद्धा न आणलेली ही सोवळी बाई त्यावर रोज दुपारी चिकन बर्गर वाढायला लागली.

हुबळीतल्या उणकलच्या त्या घरात मी वर भाड्यानं राहत होते, खाली त्या आणि त्यांचे यजमान. गल्ली त्यांना अक्का म्हणायची, मीही म्हणायला लागले. मी धारवाडला कॉलेजात शिकवते. संध्याकाळी घरी येते तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नसतं आणि बडबड्या माणसांचा मला वैताग येतो. तरी अक्कांची मतं ऐकायला मी पायरीवर टेकायची. तुमच्याही ओळखीत असेल असं कोणी, फालतू गोष्टीवर इतक्या गंभीरपणे बोलणारं की ती गोष्ट फालतू वाटेनाशी होते.

"शेतीचे खेळ आपल्याला चालत नाहीत," त्या सांगायच्या. "पेरायचं आणि वाट बघत बसायचं. वाट बघायला घरचा नळ आहे की." नवं हॉटेल मिळालं की आधी पडदे आणि कुंड्या घेणाऱ्यांची त्यांना कीव यायची, आधी दुसरी शेगडी घ्यायची, शोभा मागनं. पैसे भरले की घड्याळ थांबवून देणाऱ्या खेळांना त्या सरळ चोर म्हणायच्या. पण खरा राग होता तो घड्याळ बंद करून खेळायच्या सोयीवर. "त्यात कोणी उठूनच जात नाही. मग धावायचं कशाला? झोपा काढा की त्यापेक्षा."

त्यांच्या हॉटेलात एक म्हातारा यायचा, हातात पेपर घेऊन. त्याची हृदयं सगळ्यांत सावकाश विझायची. फोनवर बोलणारी बाई आधी, घाईतला ऑफिसवाला आधी, आजोबा शेवटी. "त्याला कॉफी द्या आणि विसरा," अक्का म्हणायच्या. "कॉफी दिली की हृदयं परत भरतात. तो कुठं जात नाही."

हे त्या बोलत असताना व्हरांड्यात त्यांचे यजमान पेपर घेऊन बसलेले असायचे, पुढ्यात कॉफीचा कप. मला हसू यायचं. 

यजमानांना सगळे अप्पा म्हणत. भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. उणकल खेडं होतं तेव्हा इथली शेतं त्यांनी साखळीनं मोजली होती. आता स्वयंपाकघर कुठलं आणि न्हाणीघर कुठलं हे त्यांना कळेना, पण शेतं मात्र जागच्या जागी होती. समोरच्या तीन मजली घराकडे बोट दाखवून म्हणायचे, "इथनं पाऊलवाट आहे. बैल घेऊन सरळ तळ्यापर्यंत जाता येतं." बोलताना चपला चाचपायचे.

एकदा ते खरंच निघाले. गल्लीच्या टोकाला एका कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते, भिंत बाजूला व्हायची वाट बघत. मला म्हणाले, "ही मध्येच कुणी बांधली?" मी हात धरून घरी आणलं. त्यांचा हात थंडगार होता आणि पाय मागं ओढत होते, भिंतीकडे.

त्या दिवसापासून अक्कांनी फाटकाच्या कडीला तार गुंडाळली. मुलानं फोनवर बजावलं, "परत बाहेर गेले तर मी त्यांना इकडच्या वृद्धांच्या संस्थेत ठेवणार. नाहीतर माणूस ठेव तू." अक्कांनी माणूस ठेवला नाही. "माणूस कशाला? एका वेळी सगळी टेबलं सांभाळते मी. ह्यांना संस्थेत ठेवलं तर चार दिवस जगणार नाहीत, लिहून देते." आणि त्या सांभाळायच्याही. दूध तापेपर्यंत अप्पांची दाढी, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत गोळ्या, भात मुरेपर्यंत अंघोळ. एक हात इकडं, एक डोळा तिकडं. मी थक्क होऊन बघायची, आणि मला भीतीही वाटायची. खेळात चुकलं तर परत पहिल्यापासून सुरू करता येतं.

आमच्या हुबळीत पाणी रोज येत नाही, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. येतं त्या दिवशी बाकीची सगळी कामं बंद, घरातलं भांडंन् भांडं भरायचं. आमच्या नळाचा खड्डा फाटकाबाहेर, रस्त्याकडेला होता. पाइप फाटकातून आत घ्यावा लागायचा. म्हणजे त्या दिवशी तार सोडायची आणि फाटक उघडं ठेवायचं.

त्या खेपेला पाणी फारच लांबलं. वरचा माझा ड्रम खडखडीत, खालची टाकी तळाला. रविवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी कानडीत "नीर बंतु" म्हणून ओरडलं आणि सगळी दारं एकदम उघडली. अक्का पदर खोचून जिन्याशी आल्या. "तुम्ही ड्रमला पाइप लावा, तोवर मी हंडे काढते. अप्पांना कॉफी दिलीय. आता बघायला नको."

मग आम्ही सगळेच पाण्याकडे बघत होतो. आधी गढूळ, मग बारीक, मग एकदाचं धो धो. अक्कांनी त्या सकाळी एक थेंब वाया जाऊ दिला नाही. ड्रम, टाकी, हंडे, बादल्या, पातेली, शेवटी पूजेचा तांब्या. तो भरल्यावर त्या कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या, माझ्या डोक्यावर बघून हसल्या. "सगळी भरली बघा तुमची." आणि व्हरांड्याकडे वळल्या.

खुर्ची रिकामी होती. पेपर वाऱ्यानं उडू नये म्हणून नीट घडी करून कपाखाली ठेवलेला. कॉफी संपवलेली. फाटकात पाइपातून पाणी गळत होतं, आणि त्या ओलीतून चपलांचे ठसे बाहेर गेले होते.

अक्का आधी त्या भिंतीकडे पळाल्या. तिथं कोणी नव्हतं. अख्खी गल्ली शोधायला निघाली, कोणी बसथांब्याकडे, कोणी देवळाकडे. कुठं जायचं ते मला ठाऊक होतं आणि ते तोंडातून काढवत नव्हतं. अक्काच म्हणाल्या, "तळ्याकडे चला." संध्याकाळी पलीकडच्या काठाला, जलपर्णीत, अप्पा सापडले. एक चप्पल पायात होती. पूर्वी तिथं बैल धुवायला उतरवत, असं एका म्हाताऱ्यानं सांगितलं.

अक्का रडल्या नाहीत. लोकांनी ते नावाजलं. मला ते बघवत नव्हतं.

तेरावा झाल्यावर मुलगा सामान बांधायला लागला. अक्कांना तो बेंगळुरूला नेणार होता. निघायच्या आदल्या दिवशी मी खाली गेले. खोलीत खोकी रचलेली, आणि अक्का कॉम्प्युटरपुढे. खेळात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. टिकटिक नाही, घंटा नाही. घड्याळ बंद केलेलं होतं. सगळी टेबलं रिकामी, फक्त खिडकीजवळच्या टेबलाशी पेपरवाले आजोबा. डोक्यावर हृदयांची रांग पूर्ण, लाल.

बराच वेळ झाला तरी अक्कांनी माउसला हात लावला नाही. मी विचारलं, "यांना काही वाढत नाही?"

"खाणं वाढलं की उठून जातो तो."

तेवढ्यात बाहेर कोणीतरी ओरडलं, "नीर बंतु." गल्लीभर बादल्यांचा आवाज सुरू झाला. इतकी वर्षं या हाकेला सगळ्यांत आधी उठणारी बाई जागची हलली नाही. मी म्हटलं, "अक्का, पाणी आलं."

"तुम्ही भरा," त्या म्हणाल्या. नजर पडद्यावरच होती. "मी इथं लक्ष ठेवते."