खंडेनवमी आणि अप्पांचा संप

माझं लग्न एका संपामुळे मोडायला आलं होतं.
आणि त्याच संपाने ते जुळवलं.

आज खंडेनवमी. अप्पांशिवायची पहिली.

अप्पा म्हणजे माझे सासरे. हडपसरच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत लेथ मशीनवर टर्नर आणि तिथल्या युनियनचे सेक्रेटरी.

मी सदाशिव पेठेतली. बाबा बँकेत नोकरीला. युनियनबद्दलचं त्यांचं मत रोज पेपर वाचताना जाहीर व्हायचं. "कामचुकारांचं संरक्षण मंडळ!"

आमचं लग्न ठरलं आणि तेवढ्यात अप्पांच्या कंपनीत संप. मागणी एकच, वर्षानुवर्षं टेम्पररी ठेवलेल्या कामगारांना पर्मनंट करा.

बाबा म्हणाले, "वा! व्याही मांडवात बसलेत, पण गेटवरच्या. हे लग्न विसर."

मी रडून घर डोक्यावर घेतलं. ते अप्पांच्या कानावर गेलं. त्यांनी सरळ बाबांना फोन लावला.
"सायेब, नावं खुशाल ठेवा. पण आधी बघा तरी. खंडेनवमीला या की गेटवर."

बाबांनी मलाही स्कूटरवर मागे बसवलं. "चल, तूही बघून घे डोळ्यांनी."

गेटवर घोषणा चालू होत्या. अप्पांनी हात वर करून त्या थांबवल्या आणि मॅनेजरांना म्हणाले, "सायेब, आज मशीनं पुजायचीत. गेट उघडा. कुणी स्विचला हात लावणार न्हाई, शब्द हाय."

मॅनेजर वॉचमनला म्हणाले, "उघड."

आत सगळे संपकरी आपापलं मशीन पुसायला लागले. इतक्या दिवसांची धूळ बसली होती ना! मग हळदकुंकू, झेंडू, नारळ.
अप्पा त्यांच्या लेथवर हात फिरवत हळूच म्हणाले, "दम धर जरा. येतो लवकर."

मी बाजूलाच उभी होते. बाबाही.

अप्पांनी पहिला पेढा मॅनेजरांच्या हातावर ठेवला. सगळे शिस्तीत बाहेर आले, गेट लागलं, आणि तोंडातला पेढा संपायच्या आत पुन्हा सुरू. "कामगार एकजूट जिंदाबाद!"

परतताना पुलगेटच्या सिग्नलला बाबांनी मान मागे वळवली.
मग म्हणाले, "मुहूर्त बघायला हवा."

संप मिटला. काही जण पर्मनंट झाले, सगळे नाही. ती सल अप्पांना शेवटपर्यंत होती.

बाबांनी मत मात्र बदललं नाही हं! दोघे भेटले की चहावर जुंपायची.
"युनियनमुळे कारखाने गेले."
"आन् तुमच्या बँकेतला पगारवाढीचा करार काय देवीनं केला?"
"चहा निवतोय तुमचा."

अप्पांचा एकच हट्ट. "व्याही, एकदा तरी म्हणा, जिंदाबाद!"
बाबांचं ठरलेलं उत्तर. "आमच्या पेठेत ओरडत नाहीत. पाटी लावतात."

मी आयटीत, त्यातही एचआर. म्हणजे अप्पांच्या घरात साक्षात मॅनेजमेंट! दर खंडेनवमीला ते माझ्या लॅपटॉपला कुंकू लावायचे. म्हणायचे, "ड्युटी संपली की ह्याला झोपू द्या, सूनबाई. कायदा ह्यालाबी हाय."
आमच्याकडे युनियन नाही. ड्युटी कधी संपते तेही कुणाला माहीत नाही.

उन्हाळ्यात अप्पा गेले.

आज सकाळी कुंकवाचा करंडा समोर घेऊन नुसती बसले होते. लॅपटॉपला बोट लावायला मन होईना.

बेल वाजली. दारात बाबा. सदाशिव पेठेतून एकटे रिक्षाने आलेले, एका हातात काठी, एका हातात झेंडूची माळ.

आत आले. अप्पांच्या पान्ह्यांच्या पेटीला माळ घातली. लॅपटॉपला कुंकू लावलं. मग अप्पांच्या फोटोसमोर उभे राहिले, घसा खाकरला, आणि काठीचा हात बदलून उजवी मूठ वर केली.

"जिंदाबाद, व्याही."

शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

ऐकलंत ना, अप्पा? ओरडले हो बाबा!

तुमच्या सूनबाईची मनापासून श्रद्धांजली.
लॅपटॉप आज बंद ठेवलाय.