खाडीच्या पासाची सोडत

न्यायावर आमच्या साडूंइतकं एकतर्फी प्रेम दुनियेत दुसऱ्या कुणी केलं नसेल. न्यायानं त्यांच्याकडे कधी वळून पाहिलं नाही, आणि ह्यांनी कधी त्याचा पिच्छा सोडला नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, हे यजमान. कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावचे, शिक्षणानं ड्राफ्ट्समन, आणि दुबईत अल कुसैसच्या एका काँट्रॅक्टिंग कंपनीत माझ्या कितीतरी आधीपासून चिकटलेले. मला तिथं अकाउंट्समध्ये त्यांनीच लावलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढून बी.कॉम. झालेला मी पहिला, आणि ही गोष्ट मी कुणापासून लपवत नाही. पण माझ्यासाठी शब्द टाकताना ह्यांनी मॅनेजरला आधीच बजावलं होतं की हा माझा साडू लागतो, तेव्हा ह्याचा इंटरव्ह्यू दुसऱ्या कुणीतरी घ्यावा आणि जरा कडक घ्यावा. तो इतका कडक झाला की नोकरी लागूनही मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोललो नाही.

त्यांच्या घरी कलिंगड कापायचं तर आधी ते सगळ्या बाजूंनी फिरवून बघत, मग ड्रॉइंगची पट्टी आणत. गावाहून कुणी हापूसची पेटी आणली की आमच्या दोन घरांत वाटणी व्हायची, आणि डाग पडलेला आंबा कुणाच्या वाट्याला जावा ह्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या जायच्या. त्यांची मुलगी तेव्हा शाळेत होती, ती कंटाळून म्हणायची, "पपा, इट्स जस्ट अ मँगो." ह्यांचं उत्तर ठरलेलं, की आज आंबा आहे, उद्या आणखी काही असेल. त्यावर आतून ताईंचा आवाज यायचा, "उद्या मी असेन. मला कोण सांभाळणार त्याची पण चिठ्ठी टाकून ठेवा." एकदा आम्ही सगळे अबुधाबीला निघालो होतो. पुढच्या सीटवर एसी चांगला लागतो, म्हणून निम्म्या वाटेवर ह्यांनी भर उन्हात गाडी कडेला घेतली आणि सगळ्यांना उतरवून जागा बदलायला लावल्या. पुढून मागे गेलेला मी आणि मागून पुढे आलेली माझी बायको, दोघंही घामानं सारखेच निथळत होतो. साडू मात्र समाधानानं गाडी चालवत होते. आता सारखं झालं, म्हणाले.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. हसण्यावारी नेता आली नाही ती खाडी.

आमच्या अरबाबची, म्हणजे कंपनीच्या मालकाची, उम्म अल कुवैनला खाडीला लागून तारेच्या कुंपणातली जागा होती. दर हिवाळ्यात तो कंपनीतल्या एका माणसाला पास द्यायचा. पास असेल त्यानं हिवाळाभर दर शुक्रवारी तिथं जावं आणि गळानं मासे धरावेत. एकच माणूस, एकच पास, कारण अरबाबला गर्दी खपत नसे. एका वर्षी कुंपणाची मोजणी करायला म्हणून साडू तिथं गेले आणि परत आले ते वेगळेच होऊन आले. तिवरं आहेत, म्हणाले. ओहोटीला उघडा पडणारा, गावासारखाच काळा चिखल आहे. बोयी मासे उड्या मारतात. त्यांच्या गावची खाडी वरच्या अंगाच्या कारखान्यांच्या पाण्यानं केव्हाच मेली होती. एका सुट्टीत गेले तेव्हा पोट वर करून तरंगणारे मासे त्यांनी पाहिले, आणि वडिलांच्या हाताखाली शिकलेला हा माणूस त्यानंतर गळ घेऊन पाण्यावर गेला नव्हता. मी म्हटलं, दुबईला एवढा समुद्र पडलाय, शुक्रवारी निम्मी दुनिया काठावर गळ टाकून बसलेली असते, तुम्हीही बसा. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "तो समुद्र. समुद्रात मासे पकडतात ते वेगळे लोक. मी खाडीतला आहे, साडूभाऊ. मरायच्या आधी एकदा तरी मला खाडीत गळ टाकायचाय."

मॅनेजरला सांगून पास मिळवणं त्यांना अवघड नव्हतं. तोवर तो पास मॅनेजरच्या मर्जीतल्यांनाच मिळायचा, आणि साडू मर्जीतले होते. पण ह्यांनी काय केलं, तर मॅनेजरपुढे सोडतीची स्कीम ठेवली. ज्याला हवा त्यानं अर्ज करावा. ज्याचं नाव निघालं नाही त्याला एक पॉइंट. पुढच्या वर्षी त्याच्या नावाची एक चिठ्ठी जास्त. जितकी वर्षं हुकाल तितक्या चिठ्ठ्या वाढतील, आणि पास मिळाला की खलास, पुन्हा एका चिठ्ठीपासून सुरुवात. मॅनेजरला कटकट गेल्याचा आनंद झाला. दर हिवाळ्याच्या तोंडाला, गुरुवारी काम सुटल्यावर, दुधाच्या पावडरीच्या मोठ्या डब्यातून अरबाबचा म्हातारा ड्रायव्हर चिठ्ठी काढू लागला. आणि दर वर्षी साडूंचं नाव सोडून बाकी कुणाचंही नाव निघू लागलं. आदल्याच महिन्यात आलेल्या पोराला पहिल्या झटक्यात पास मिळाला, आणि तो दोनदा जाऊन डास चावतात म्हणून घरी बसला.

मी त्यांच्याशी भांडायचो. ज्याचे पॉइंट जास्त त्याला सरळ पास द्या, चिठ्ठ्या कशाला? ते म्हणायचे, मग नव्या माणसाला पहिली कितीतरी वर्षं काहीच आशा नाही, आणि आशा नसेल तर तो अर्ज कशाला करील? मी म्हणायचो, मग तुमच्या आशेचं काय? ते म्हणायचे, माझी वाढतेय की, दर वर्षी एका चिठ्ठीनं. आमचे स्टोअरवाले चाचा रत्नागिरीकडचे, दाढीत हसणारे. तेही साडूंसारखेच खाडीवेडे आणि तसेच हुकणारे. ते म्हणायचे, "भाऊ, तुमच्या चिठ्ठ्या वजनदार झाल्यात. तळाला बसतात."

मध्ये एका वर्षी पास लागलेला माणूस सोडतीच्या वेळी गावी होता, तो लवकर परतलाच नाही आणि हिवाळाभर खाडी रिकामी राहिली. साडूंना ते इतकं लागलं की त्यांनी नवा नियम लिहिला. नाव निघेल तेव्हा माणूस समोर हजर हवा. नसेल तर चिठ्ठी बाद, आणि पॉइंटही बाद. पॉइंट तरी राहू द्या, मी म्हटलं. मग नियमाचा धाक काय राहिला, त्यांनी विचारलं.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. त्या गुरुवारी ते शारजाच्या साइटवर गेले होते आणि परत येताना ट्रॅफिकमध्ये अडकले. तो रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. अख्खी दुनिया कडेची पिवळी रेघ ओलांडून बाजूनं गाड्या पुढे काढत होती, आणि आमचे साडू आपल्या रांगेत. मी मोबाईल लावला तर म्हणाले, "येतोय. रांगेत आहे." म्हाताऱ्या ड्रायव्हरनं डब्यात हात घातला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचं नाव निघालं. कुणी टाळी वाजवली नाही. मॅनेजरच म्हणाला, "छोडो यार, पास रख दो उनके टेबल पे." सगळ्यांनी माना डोलावल्या. ते धापा टाकत आले तेव्हा मी त्यांच्या हातात पास दिला. त्यांनी तो बघितला, घड्याळ बघितलं, आणि विचारलं, "नाव निघालं तेव्हा मी होतो का?"

म्हाताऱ्या ड्रायव्हरनं मान हलवून नाही म्हटलं.

"मग परत काढा," म्हणाले.

परत काढलं. पास गेला आमच्याच अकाउंट्समधल्या एका शुद्ध शाकाहारी माणसाकडे, ज्यानं पोरांना पाणी दाखवायला म्हणून अर्ज केला होता. बिचारा दुसऱ्या दिवशी पास परत करायला आला. पास दुसऱ्याला देता येत नाही, साडूंनी त्याला समजावून सांगितलं. तोही नियम त्यांचाच होता. त्या रात्री ताईंनी माझ्या बायकोला फोन केला. भावजी काय करतायत, बायकोनं विचारलं. जेवले, ताई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांची एकच चिठ्ठी राहिली. पुढल्या वर्षी हुकली. त्याच्या पुढल्या वर्षी त्यांची साठी भरत होती, आणि आमच्याकडे साठी भरली की व्हिसा संपतो. ती शेवटची सोडत. आदल्या दिवशी चाचांनी आम्हा सगळ्यांना स्टोअरमध्ये बोलावलं आणि सुचवलं की प्रत्येकानं आपल्या सगळ्या चिठ्ठ्यांवर भाऊंचंच नाव लिहावं. शाकाहाऱ्यानं सगळ्यात आधी लिहिलं. मीही लिहिलं, आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही.

नाव निघालं. साडू समोर हजर होते. चिठ्ठी हातात घेऊन ते इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं, आता रडतील. पण ज्या माणसानं सगळी हयात ड्रॉइंगवरची अक्षरं लिहिण्यात घालवली, त्याला दुसऱ्याचं अक्षर कळायला किती वेळ लागतो? त्यांनी डब्यात हात घालून दुसरी काढली. मग तिसरी. मग डबा टेबलावर उपडा केला. सगळीकडे त्यांचंच नाव, प्रत्येकाच्या वेगळ्या अक्षरात.

"चाचा, हे तुम्ही केलंत?"

"सगळ्यांनी केलं, भाऊ. घ्या आता. इन्शाल्ला एक हिवाळा तरी मासे मारा."

साडू खाली बसले. चिडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू म्हणाले, "असा पास तर मी पहिल्याच वर्षी मॅनेजरला सांगून घेऊ शकलो असतो." मग त्यांनी सगळ्यांना पुन्हा आपापली नावं लिहायला लावली. आम्ही लिहिली. सोडत झाली आणि नाव निघालं चाचांचं. साडूंनी उठून त्यांना मिठी मारली. ती खोटी नव्हती.

परतीच्या तिकिटाआधीच्या शुक्रवारी ते म्हणाले, जरा उम्म अल कुवैनला जाऊ. मी गाडी काढली. कुंपणाच्या आत चाचा गळ टाकून बसले होते. आम्हाला बघताच त्यांनी फाटकाकडे हात केला. साडू तारेला धरून बाहेरच उभे राहिले. वारा आमच्या बाजूनं होता, चाचांना ऐकू जात होतं. "भरती लागलीय, थोडी सैल सोडा," साडू म्हणाले. चाचांनी दोरी सैल सोडली. "आता थांबा. आत्ता." चाचांनी ओढली. बोटाएवढी बोय वळवळत वर आली. चाचांनी ती कुंपणाच्या दिशेनं उंच धरली. "लहान आहे," साडू म्हणाले, "सोडा तिला." चाचांनी सोडली. असं ऊन कलेपर्यंत चाललं. ते बाहेरून सांगत होते, चाचा आतून ऐकत होते, आणि ह्यांचे हात तारेवर, नसलेल्या दोरीला धरल्यासारखे मधूनच आवळत होते.

परतताना शारजाचे दिवे दिसायला लागले तेव्हा ते म्हणाले, "खरं सांगा, साडूभाऊ. स्कीममध्ये कुठं चूक होती का?"

मी सगळं मनातल्या मनात पुन्हा एकदा पाहिलं. नवा माणूस, जुना माणूस, पॉइंट, चिठ्ठ्या, हजेरी.

"नाही," मी म्हटलं. "कुठंच नव्हती."

त्यांनी मान हलवली आणि काच थोडी खाली केली. मी खरं तेच सांगितलं होतं. कुठं चूक सापडली असती, तर निदान तिच्यावर खापर फोडून त्यांची समजूत घातली असती.